दुबळी गाडी पुढं

कान्हे गावच्या महिपतीआबांनी जन्मात कधी फटफटीचं हँडल धरलं नाही. तरीही मुंबईच्या फटफटीवाल्यांची टोळी दर हिवाळ्यात मावळात उतरायची ती त्यांच्याच भरवशावर. हे सांगितलं की आजकालची पोरं हसतात. हसोत बापडी. ज्या माणसानं उभी जवानी बैलांच्या शेपट्या पिळत बोरघाट चढण्यात घालवली, त्याला हसायचा हक्क एसटीत घोरत पुण्याला जाणाऱ्यांना कुणी दिला, हे मला एकदा कळलं पाहिजे.

आबांचा धंदा बैलगाडीचा. मावळचा तांदूळ खाली कोकणात न्यायचा, खालून मीठ आणि सुकट वर आणायची. पुढं मालमोटारी आल्या आणि बैलगाडीला कुत्रं विचारेना. त्याच सुमारास मुंबईचे हौशी शेठ फटफट्या घेऊन लोणावळ्याची हवा खायला येऊ लागले. यायचे खरे, पण घाटात निम्म्या गाड्या मान टाकायच्या. मग आबा बैल जुंपून त्या वर ओढून आणायचे. फटफटीवर डोळ्यांना गॉगल लावून टेचात बसलेला शेठ आणि पुढं शेपट्या हलवत चाललेले दोन बैल, ही वरात बघायला खंडाळ्याची माणसं हातातली कामं टाकून यायची.

त्यातूनच टोळीचे म्होरके कावसशेट यांच्याशी आबांची ओळख झाली. कावसशेट पारशी, अंगानं भरभक्कम, डोक्यानं तापट आणि मनानं अगदी मोकळे. त्यांनी आबांना सहलीचा वाटाड्या केलं. कुठल्या खिंडीतून गाडी जाईल, आंदर मावळातला कुठला ओढा उतरून ढकलत पार करावा लागेल, कुणाच्या अंगणात ताक मिळेल, हे सगळं आबा मागच्या सीटवरून बोट दाखवत सांगायचे. बैलजोडी त्यांनी गावच्या अंबाजीला विकून टाकली. त्यांची बायको झुंबरबाई दारात उभी राहून म्हणायची, "बैलं इकली आन् आता फटफटीच्या शेपटाला लटाकल्यात. म्हातारपणी ह्यो नवा चाळा." आबा मिशीत हसायचे.

घरात आणखी एक माणूस होतं. आबांचे धाकटे भाऊ, नथूकाका. यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घाटातल्या गाडीवानांचा एक जुना रिवाज होता. चढणीला ज्याचे बैल दुबळे त्याची गाडी सगळ्यांच्या पुढं, आणि ज्याचे दमदार तो शेवटी. अडली तर दुबळी गाडी अडणार, आणि ती पुढं असली म्हणजे मागून येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी पोचणारच. एके वर्षी तळेगावचा बाजार गाठायच्या घाईत तांड्याच्या मुकादमानं हा रिवाज मोडला. दमदार गाड्या पुढं निघून गेल्या, त्यांच्यातच आबांचीही होती. नथूकाकांची मिठाची गाडी मागं एकटी राहिली. उभ्या वळणावर बैलांनी पाय सोडले, गाडी मागं घसरली आणि काकांचा पाय चाकाखाली सापडला. त्यांनी हाका मारल्या, पण ऐकायला मागं कोणी नव्हतंच. पुढचे परत फिरेपर्यंत पाय कामातून गेला.

तेव्हापासून काका ओसरीवर बसून दोर वळायचे. पायाबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण आपल्याला मागं टाकून सगळे गेले, हे त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. घाटाचं नाव निघालं की काठी टेकत आत निघून जायचे. ते आत गेले की आबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात कावसशेट तणतणत कान्ह्याला आले. पुण्याच्या दोस्तमंडळींनी त्यांची भर क्लबात टर उडवली होती. मुंबईची फटफटी पेट्रोलवर चालत नाही, चारा खाते म्हणे.

"महिपती, या वर्षी खोपोलीहून सगळ्या गाड्या एकसाथ वर गेल्या पाहिजे," कावसशेट म्हणाले. "एक पण मागे नको. आणि तुझे ते बैल तर मला दिसले पण नाही पाहिजे."

आबा म्हणाले, "जातील. पर माझ्या रीतीनं. दुबळी गाडी पुढं. आन् त्या पुढच्या गाडीत माझा भाऊ बसंल."

सगळ्यांत दुबळी गाडी होती वाहिदची. वाहिद लोणावळ्याचा फटफटी दुरुस्त करणारा. त्याच्या जुनाट गाडीला बाजूला माणूस बसेल एवढा एक डबा जोडलेला होता, त्यात हत्यारं आणि पेट्रोलचे डबे भरून तो टोळीच्या मागं मागं खोकत यायचा. हीच गाडी पुढं, आणि वर तिच्यात एक माणूस बसवायचा, हे ऐकून टोळीत गदारोळ झाला. जाल नावाचा तरणा गडी होता, त्याची गाडी सगळ्यांत ताकदीची. गाढवामागून घोडा चालवायचा का, असं तो तोंडावर म्हणाला. कावसशेट त्याच्यावर असे काही उखडले की पुन्हा कोणी ब्र काढला नाही. वाहिदची हत्यारं सगळ्यांनी वाटून आपापल्या गाडीला बांधली आणि डबा रिकामा केला.

खरी चढण तर घरातच होती.

"मी न्हाई येनार," काका दोर वळता वळता म्हणाले. "मागं बसून धूर खाया?"

"मागं न्हाई. पुढं."

काकांचा हात थांबला. "किती पुढं?"

"तुज्या म्होरं निस्ता रस्ता. बाकी समदी तुज्या मागनं."

दुसऱ्या दिवशी काकांनी धुवट धोतर आणि ठेवणीतलं पागोटं मागितलं, तेव्हा झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "गुडघ्याला शाल गुंडाळा भावजी, वारं लय लागतं म्हनं," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांना कर्जतवरून आगगाडीनं खोपोलीला नेलं. वाहिदनं त्यांना डब्यात बसवलं आणि पागोट्याखाली आपला जुना गॉगल चढवला. आबांनी सगळ्यांना बजावलं, एक वळण सोडून एक गाडी, आणि आपल्या पुढचा थांबलेला दिसला तर त्याला ओलांडून जायचं नाही. रिवाजाप्रमाणं स्वतः आबा शेवटच्या गाडीवर, म्हणजे जालच्या मागं बसले. जालचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

घाटातल्या शिंगरोबा देवाला नारळ फोडून पुढची चढण सुरू झाली. पुढचं मला नथूकाकांनी इतक्यांदा सांगितलंय की मीच डब्यात बसलो होतो असं वाटतं. गाडी खोकत होती, कण्हत होती, पण चढत होती. आणि नेमकी त्याच उभ्या वळणावर तिनं दम सोडला. इंजिन बंद पडलं. वाहिदनं ब्रेक दाबून धरले.

वळणावर अंबाजी आबांचीच जुनी जोडी घेऊन उभा होता. गिऱ्हाईक इथंच सापडतं हे त्याला ठाऊक. तो लगबगीनं पुढं आला. "नथूभाऊ, जुपू का बैलं?"

वाहिदनं काकांकडं बघितलं. "भाऊ, तुम्ही उतरता का? वजन तरी कमी होईल."

काकांनी डब्याची कड घट्ट धरली होती. खाली दरीत सगळं शांत होतं. तीच जागा, तोच चढ, आणि मागं कोणी नाही.

"थांब अंबाजी," ते म्हणाले. "मागनं येत्यात."

"कोन येतंय?"

"समदी येत्यात."

अंबाजीनं कान दिला. त्याला काही ऐकू येईना. त्यानं जू उचललं, तोच खालच्या वळणावरून फटफट आवाज आला. कावसशेट आले. घाईघाईनं उतरून गाडी भिंतीला टेकवेपर्यंत त्यांच्या मागचा आला, मग त्याच्या मागचा. काकांच्या तोंडून गाडीवानाची जुनी आरोळी निघाली. "धोंडा लावा चाकाला. जोर एकदम करा." पांढऱ्या पाटलोणीतल्या एका बड्या असामीनं बिनबोभाट धोंडा उचलून चाकामागं सारला. कावसशेटनी आपला भरभक्कम खांदा डब्याला लावला. वाहिदनं लाथ मारली, सगळ्यांनी रेटलं, आणि इंजिन खोकून खोकून एकदाचं पेटलं.

मागं जालला तर आपल्या पुढच्या दोघांना ढकलावं लागलं होतं. ढकलताना त्याचा कोट फाटला, आणि कोटाबरोबर रुसवाही गेला. "आबा, आता कोण अडलंय?" असं तोच विचारू लागला. उभ्या वळणावर पोचले तेव्हा तिथं एकही गाडी नव्हती. नुसता अंबाजी दगडावर बसून तंबाखू मळत होता. आबांनी गाडीवरून खाली उडीच टाकली.

"अंबाजी, नथू कुटंय?"

"गेला की वर. हितं आरोळ्या ठोकून माजा धंदा बुडवला," अंबाजी म्हणाला. "बैलं घिऊन जा म्हनला घरला, पानी पाजायला."

आबा हसले ते खंडाळा येईपर्यंत हसतच होते.

वर रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. टर उडवणारे पुण्याचे दोस्तही मुद्दाम मोटारीनं आले होते, आणि त्यांनी सगळ्यांत आधी पाहिलं ते पागोटं, गॉगल आणि त्याखाली ताठ बसलेले नथूकाका. काकांना उतरवून कठड्यावर बसवलं. कुणीतरी चहा आणला. ते पिईनात. एकेक गाडी वर येत होती, लोक टाळ्या पिटत होते, आणि काका रस्त्यावरची नजर काढत नव्हते. सगळ्यांत शेवटी जालची गाडी आली. आबा उतरून भावापाशी गेले.

"मागं कोन ऱ्हायलं, दादा?" काकांनी विचारलं.

"कोन न्हाई. मीच शेवटचा."

काकांनी गॉगल काढला. भर रस्त्यात, शेठसावकारांच्या देखत दोन्ही भाऊ गळ्यात पडून रडले, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कावसशेट तर रुमालात नाक शिंकरत चहावाल्यावर उगाच ओरडत होते.

मग काकांनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि काठी हातात घेतली.

"वाहिद," ते म्हणाले, "ह्यास्नी चहा पिऊ दे. तवर आपुन म्होरं निगू."