बिजागरीच्या कारखान्यातली अमेरिका

प्रेसमशीनखाली पत्र्याची कातरण पडते. सकाळी झाडून घेतली तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा ढीग! आमच्या किश्शांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, काम चालू असलं की पडत राहतात. फरक एवढाच, की कातरण भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र डबे उघडल्यावर आम्हा बायकांनाच वाटून घ्यावे लागतात.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटासा कारखाना आहे. दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या बनतात. मी पॅकिंगला. माझी मैत्रीण शोभा प्रेसवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर. रंजना पॉलिशला. ती वडूजकडची. नवरा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाला, पण घरात हुकूम रंजनाचाच चालतो.

थोरले मालक वारले आणि त्यांचा मुलगा, आमचे धाकटे साहेब, खुर्चीवर बसले. त्यांनी पुण्याला कसलासा कोर्स केला. तिथून परत आले ते थेट अमेरिकेतच पोहोचले! तीही आजची अमेरिका नव्हे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिकडे रेल्वे टाकणारे, पोलाद ओतणारे, जमिनीतून तेल काढणारे जे कोट्यधीश झाले, ते सगळे आता साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम होऊन बसलेत. जागा कमी पडली म्हणून थोरल्या मालकांचा फोटो स्टोअररूममध्ये गेला.

*

दर सोमवारी आधी प्रार्थना, मग अमेरिका. आम्ही उभ्या, साहेबही उभे, फक्त ते पंख्याखाली.

एका सोमवारी त्यांनी एका पोलादवाल्याची गोष्ट सांगितली. गरिबाचा मुलगा, लहानपणी सूतगिरणीत कामाला होता आणि पुढे जगातला मोठा श्रीमंत झाला. "का झाला? कारण त्याने घड्याळाकडे बघितलं नाही!" साहेब म्हणाले.

रंजनाने हात वर केला. "साहेब, त्याच्यासंगं गिरणीत बाकीची पोरं आसतीलच की. त्यांचं काय झालं?"

"ते तिथेच राहिले. ॲम्बिशन नव्हती!"

"आनि समदीच पोरं श्रीमंत झाली आसती, तर गिरणी कोन चालवनार व्हतं?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "चला, चला, कामाला लागा!"

*

मग घड्याळवाला आला. अमेरिकेत म्हणे एक इंजिनिअर होता. कामगाराच्या मागे उभा राहून तो त्याची एकेक हालचाल मोजायचा. साहेबांनी आमचे सुपरवायझर माने यांच्या हातात मोबाईल दिला आणि सांगितलं, "मोजा!"

माने बिचारे सरळ माणूस. आठवडाभर शोभाच्या मागे उभे राहिले. ती शिंकली तरी तेही मोजायचे. शेवटी शोध लागला. शोभाचा वेळ खाते कोण, तर जाळी!

प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते. आत पट्टी ठेवायची, जाळी खाली घ्यायची, मग पायाने पेडल दाबायचं. जाळी खाली असली, की हात आत राहूच शकत नाही. तेवढ्यासाठीच ती असते.

"ही वेस्ट मोशन आहे. काढून टाका," साहेब म्हणाले.

शोभा जागेवरून उठली. ती मुळात फार बोलणारी नाही. कारखाना सुटल्यावर घरी ब्लाउज शिवते, तिचं अर्धं घर त्या शिलाईवर चालतं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, हे पत्रा कापतंय. बोट कुठलं आनि पत्रा कुठला, त्याला वळखू येत न्हाई."

"शोभाताई, लक्ष असलं की काही होत नाही. माइंडसेट बदला!"

दुसऱ्या दिवशी जाळी गेली होती. तिच्या जागी चकचकीत पाटी आली, 'लक्ष हीच सुरक्षा'. रंजनाने जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि आम्हाला हाक मारली.

"आगं, या बगायला! पाटीला बोल्ट जाळीचंच लावल्याती!"

*

त्या कोट्यधीशांनी म्हातारपणी गावोगाव वाचनालयं बांधली, असं कळल्यावर आमच्याकडेही वाचनालय झालं. म्हणजे एक काचेचं कपाट. त्यात सगळी इंग्रजी पुस्तकं. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब बहुतेक बाहेर.

उद्घाटनाला एक पाहुणे आले होते. भाषणात त्यांनी साहेबांना दूरदृष्टीचे उद्योजक म्हटलं. कामगार भगिनींच्या हाती पुस्तक आलं, ही क्रांती आहे, असंही म्हणाले. नंतर मोठ्या कौतुकाने त्यांनी शोभाला विचारलं, "ताई, यातलं कुठलं पुस्तक आवडलं?"

शोभा मनापासून म्हणाली, "ते निळं. काचंतनं बरं दिसतंय."

*

माझी लेक कॉलेजात इतिहास घेऊन शिकते. तिच्या परीक्षेला नेमकी हीच अमेरिका! मी भाकरी करत होते आणि ती मोठ्याने वाचत होती. मोठमोठे कारखाने निघाले, खेड्यातली माणसं शहरात आली, बायका-मुलं यंत्रांवर बसली. कुणाचा हात गेला, तर मालक म्हणायचे, त्याचं लक्ष नव्हतं.

माझा हात पिठातच थांबला. "परत वाच गं ते."

तिने परत वाचलं. मग म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? जुनं आहे हे."

"जुनं कुठलं बाई," मी म्हटलं, "सोमवारचंच आहे."

त्याच धड्यात आणखी एक गोष्ट होती. तिकडच्या कामगारांनी मागणी केली होती, की आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःसाठी. मला फार आवडली. दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर मी ती सगळ्यांना सांगितली. वाटलं, बायका खूश होतील.

रंजनाचा घास हातात राहिला. "स्वतासाठी आठ तास? मग त्यांच्या घरी भाकरी कोन थापत व्हतं?"

संध्याकाळी घरी गेल्यावर लेकीला विचारलं, तर तिच्या पुस्तकातही नव्हतं!

*

गौरी-गणपतीच्या आधी शोभाच्या हातातला चुडा प्रेसमध्ये गेला. बांगड्यांचा चुरा झाला. हात तिने कसा मागे घेतला, तिचं तिलाच ठाऊक. मी धावत गेले, तर ती खाली बसून हिरव्या काचा वेचत होती आणि बोटं पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

साहेब आले. त्यांनी आधी डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, तपासली. ती बाहेरून मागवलेली, महाग. डाय शाबूत आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग म्हणाले, "बांगड्या घालून कामावर यायचं नाही. आजपासून नियम!"

"काढते की साहेब," शोभा म्हणाली. "बोटं पन घरीच ठिवून येऊ का?"

"शोभाताई, नेगेटिव्ह बोलू नका."

"जाळी द्या. बाकी काय मागत न्हाई मी."

"पुढच्या क्वार्टरला बघू."

माने तिथेच उभे होते. त्यांच्या हातातला मोबाईल चालूच होता. शोभा काचा वेचत होती तेवढा वेळही मोजला गेला!

*

नवरात्रात खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. थोरल्या मालकांपासूनची रीत अशी, की पूजा झाल्यावर पहिला नग मालकाने स्वतःच्या हाताने काढायचा आणि देवापुढे ठेवायचा. धाकटे साहेब दर वर्षी फोन आल्याचं निमित्त काढायचे आणि मानेंना पुढे करायचे.

यंदा मात्र त्यांच्या आईच आल्या. पूजेआधी त्यांनी नवऱ्याचा फोटो स्टोअररूममधून बाहेर काढायला लावला, स्वतःच्या पदराने पुसला. साहेबांची सासरची मंडळी सांगलीहून आली होती. मेहुणे मोबाईल रोखून शूटिंगला उभे होते. साहेब भरजरी कुडत्यात. गुरुजींनी नारळ फोडला. शोभाने सकाळीच आपल्या प्रेसला झेंडूची माळ घातली होती, हळदी-कुंकू लावलं होतं.

आईसाहेब म्हणाल्या, "बस. तुझ्या वडिलांनी एकदासुद्धा चुकवलं नाही."

साहेब स्टुलावर बसले. शोभा शेजारी उभी राहिली. शांतपणे, नव्या बाईला शिकवावं तसं सांगू लागली. "ही पट्टी घ्या. आत सरकवा. आजून आत. आता बोटानं दाबून धरा, न्हाईतर हलती. आनि मग पाय द्या."

साहेबांनी पट्टी सरकवली. बोटं आत गेली. पाय पेडलवर आला, आणि हात झटकन बाहेर!

"काय झालं जिजाजी?" मेहुणे म्हणाले. "परत घेऊ. टेक टू!"

साहेब हसले. पुन्हा पट्टी, पुन्हा बोटं. वर नवी डाय चकाकत होती. पाय पेडलला लागला, हात पुन्हा बाहेर. झेंडूची माळ हलली, तरी ते दचकले. कुडत्याची पाठ ओली झाली होती.

"अरे, होऊ दे की लवकर! मुहूर्त टळतोय," आईसाहेब म्हणाल्या.

तिसऱ्यांदा साहेबांनी हात आत घातलाच नाही. ते स्टुलावरून उठले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, सुरू असलेल्या कॅमेऱ्यासमोर मानेंवर ओरडले,

"माने! अक्कल आहे का तुम्हाला? ह्या मशीनला जाळी का नाही?"