पायानं चालणारं जहाज

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कपड्यांत काही ना काही खोट आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. माझ्या करड्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. ती शिवली जात होती तेव्हा भर समुद्रात एक गलबत फुटत होतं आणि खलाशी फळकुटांना धरून पोहत होते. अशा वेळी टेपकडे कोण बघणार? आमच्या शेजारणीच्या पडद्याला मधेच एक वाकडी टीप आहे. पाहुणे आले की त्या पडदा उचलून ती दाखवतात. "इथे नायिकेनं नकार दिला," असं सांगतात.

हे सगळं शिवणाऱ्या मावशी कोपऱ्यावरच्या तळमजल्याच्या खोलीत बसतात. खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, शेजारी कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागदाचे खाके: कुणाची पाठ, कुणाची बाही, कुणाची कॉलर. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पाठीवर आणि बाहीवर बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसतं. मावशींच्या कादंबऱ्या तिथेच उतरतात. पाय चालू असतो, टीप पडत असते. मधेच पाय थांबतो, कानामागची पेन्सिल हातात येते, हाताशी येईल त्या खाक्यावर चार ओळी पडतात आणि पाय पुन्हा सुरू. कादंबऱ्या क्रमशः छापणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकांना पहिल्यांदा बाहीच्या आकाराचं प्रकरण मिळालं तेव्हा ते बराच वेळ तो कागद उलटासुलटा करत बसले होते म्हणे. आता ते सरावलेत. कॉलर आली की ओळखतात, या खेपेला प्रकरण आखूड.

मावशींनी काय काय लिहिलंय ते आठवलं की मी अजूनही मान खाली घालून त्यांच्या दारावरून जातो. लग्न नवं होतं तेव्हा प्रेमकथा लिहिल्या. मुलाला हेरांचं वेड लागलं तेव्हा हेरकथा लिहिल्या, कारण पोरगं त्याशिवाय जेवत नव्हतं. यजमान गेल्यावर भुतांच्या गोष्टी लिहिल्या. काय भुतं होती ती! एकानं कुणाला घाबरवलं असेल तर शपथ. घरात यायची, दिवा मालवलाय ना बघायची, झोपलेल्यांची पांघरुणं सारखी करायची आणि जायची. वाचून अख्खी गल्ली रडली होती. आणि आता गेली काही वर्षं समुद्र. तोही 'दर्यावर्दी' या टोपणनावानं. मावशींनी समुद्र पाहिलेला नाही.

एकदा खराखुरा जहाजावरचा अधिकारी पत्ता शोधत आला होता. दर्यावर्दीसाहेब कुठल्या जहाजावर होते, एवढंच त्याला विचारायचं होतं. दारात उभा राहून म्हणाला, "मला वाटलं होतं, वयस्कर गृहस्थ असतील. दाढीबिढी असलेले."

"दाढी कथेत आहे," मावशी म्हणाल्या. "हात वर करा." आणि खांद्याचं माप घेता घेता त्यांनी त्याच्याकडून वादळात पाय कसे रोवायचे ते काढून घेतलं. तो पठ्ठ्या चार शर्ट शिवून घेऊन गेला.

तसे आमच्या भागात लेखक बरेच आहेत. दातांचे डॉक्टर विरहकथा लिहितात. पेशंटला भूल चढेपर्यंत जेवढं होईल तेवढं. त्यामुळे त्यांच्या कथा छोट्या आणि सुन्न करणाऱ्या असतात. वकीलसाहेबांची एकच कादंबरी आहे, ती ते तरुणपणापासून लिहितायत आणि नायकाला सारखी पुढची तारीख मिळते. पण ही मंडळीसुद्धा मावशींचं नाव निघालं की चहाचा कप खाली ठेवतात.

तर एके दिवशी मावशींच्या मुलानं आईच्या मशीनला मोटार बसवली.

मुलगा मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारींत तारा भरायचं, दुकान चालवतो. बोटांना कायम तांब्याच्या तारेचे चरे. मावशींचे गुडघे उठताबसता बोलायला लागले होते. म्हणून त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून स्वतःच्या हातानं एक छोटी मोटार भरली, चामड्याचा जुना पट्टा काढून खिळ्याला टांगला आणि आईच्या पायाखाली बटण दिलं. नुसता अंगठा टेकवला की झर्रर्र, शिवण पार. सून तर टाळ्या वाजवत होती. "आई, आता पाय जमिनीला लावायचं काम नाही!"

आणि त्याच आठवड्यात कादंबरीतला वारा पडला.

जहाज ऐन समुद्रात होतं. कप्तान डेकवर उभा. शिडं लोंबलेली. पहिल्या आठवड्यात आम्हाला ते फार आवडलं. काय ते वर्णन, पाणी म्हणजे जणू इस्त्री केलेलं! दुसऱ्या आठवड्यातही वारा नव्हता. तिसऱ्यात पिण्याचं पाणी मोजून मिळू लागलं. चौथ्यात कप्तानानं नुसता कोटाच्या बटणाशी चाळा केला. मुलगा रोज दुकानातून आला की चपला काढायच्या आत विचारायचा, "आई, सुटला का गं वारा?" मावशी म्हणायच्या, "बघू."

शेवटी संपादकांनी निरोप धाडला: पुढच्या अंकात वारा सुटला नाही तर कादंबरी बंद, त्या पानांवर डॉक्टरांच्या कथा घेऊ. डॉक्टर बिचारे शरमेनं लाल होऊन मावशींकडे गेले. "मावशी, कप्तानाला काढून टाका ना. आमच्याकडे फारच दुखायला लागलं की काढूनच टाकतात."

"त्याच्या जागी दुसरा बसवता येतो, डॉक्टर?"

"कवळी बसते," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच चपला शोधू लागले.

मला शंका आली ती वेगळ्याच कारणानं. मावशींनी मंगळवारी देईन म्हटलेली पँट मला मंगळवारी मिळाली. दोन्ही पाय सारखे. शेजारणीचा झगाही वेळेवर. वकीलसाहेबांचा काळा कोट तर एक दिवस आधी. आमच्या गल्लीत असं कधी घडलं नव्हतं. मी नव्या कोटाचं माप द्यायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "मावशी, कपडे सांगितल्या दिवशी मिळतायत. सगळं ठीक आहे ना?"

मावशींनी माझ्या कोटाच्या पाठीचा खाका कापून टेबलावर ठेवला. कोरा. मग मशीनकडे पाहिलं.

"भाऊ, माझं वाक्य पायातून येतं हो. पाय दाबला, वर आला, दाबला, वर आला, तेवढ्यात एक शब्द, मग दुसरा. ही मोटार म्हणजे... वाक्य सुरू व्हायच्या आत शिवण संपते. चार आठवडे मी त्या माणसांना उन्हात उभं करून ठेवलंय. रोज त्यांची तोंडं दिसतात मला."

"मग काढायला सांगा ना मोटार."

"कुणाला? पोरानं बोटं कापून घेऊन भरलीय ती. त्याला सांगू, बाळा, तुझी मोटार फार चांगली आहे, म्हणून नको?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात चप्पल वाजली. मुलगा जेवायला आला होता आणि बहुतेक बराच वेळ तिथे उभा होता.

"आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस का?"

"रोज विचारत होतो! सुटला का वारा, सुटला का वारा!"

"ते विचारत होतास. का सुटत नाही, ते नाही विचारलंस."

आतून सून हात पुसत आली. "अहो, पट्टा परत लावू नका हं. गुडघ्यांचं काय? डॉक्टरांनी बजावलंय. दातांच्या नव्हे, खऱ्या!"

मुलगा पिशवी खाली ठेवून पुढे झाला. फतकल मारून मशीनखाली बसला. खालचं मोठं चाक हातानं फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "आई, शिवायचं काम मोटारीकडेच राहू दे. पट्टा नाही, म्हणून पायानं नुसतं चाक फिरेल, मशीन नाही. नुसतं चालव बघू."

मावशींनी पाय टाकला. चाक गरगरलं. त्यांनी मान हलवली. "रिकामं लागतं. पंख्याचं वारं असतं ना, तसं."

तो उठला, पिशवीतून जाड लोकरी नमद्याचा तुकडा आणि एक स्क्रू काढला, आणि तुकडा चाकाला घासेल असा बसवला. "आता?"

"थोडं जड हवं."

स्क्रू फिरला. "आता?"

"गुडघ्याला नाही जाणवत. पण अजून इतकंसं."

त्यानं केसाएवढा पीळ दिला. "आता?"

मावशींचा पाय थांबलाच नाही. सूनबाई काहीतरी विचारायला पुढे झाली, तिला त्यानं खालूनच हातानं थांबवलं. खट-खट, खट-खट, जुना आवाज. मशीनवर कापड नव्हतं, सुई जागची हलत नव्हती, नुसता पाय चालला होता. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. मी कित्येक वर्षं त्यांच्याकडे जातोय, पण त्यांचा तो चेहरा मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. आम्ही तिघं त्या खोलीत होतो आणि त्या नव्हत्या. कुणी माणूस आपल्यासमोर बसल्याबसल्या इतका दूर जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

कानामागची पेन्सिल हातात आली. दुसऱ्या हातानं टेबल चाचपलं आणि पहिला जो कागद लागला तो ओढून घेतला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगा मशीनखाली तसाच बसून वर बघत होता, शाळेतलं पोर हेरकथा ऐकायला बसावं तसा. जेवण गार होत होतं.

"सुटला?" शेवटी त्यानं हळूच विचारलं.

"ईशान्येकडून," मावशी म्हणाल्या. मान वर केली नाही.

त्या आठवड्याचा अंक गल्लीत हातोहात फिरला. शिडं फुगली, दोर ताणले गेले, आणि कादंबरीत एक नवा खलाशी अचानक दिसू लागला. त्याच्या बोटांवर चरे आहेत आणि तो फारसं बोलत नाही, पण जहाजावर काहीही अडलं की कप्तान आधी त्याला हाक मारतो. मुलानं तो अंक दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. डॉक्टरांनी पेढ्यासारखा गोड चेहरा करून मावशींचं अभिनंदन केलं, आणि सुटलो म्हणाले.

माझ्या कोटाच्या पाठीचा खाका मात्र संपादकांकडे गेला. आता नवं माप द्यावं लागणार. मावशी म्हणाल्यात, मंगळवारी या. म्हणजे केव्हा, ते देव जाणे.

भाच्याच्या लग्नाला मी जुनाच कोट घालून गेलो. भाच्यानं दारातच अडवलं. "मामा, नवा कोट शिवायला टाकला होतात ना? कुठाय?"

"समुद्रात आहे," मी म्हटलं.