अर्धा पेला द्राक्षासव

तळेगाव ढमढेऱ्याच्या साखरबाईनं आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता. नवऱ्याची रिकामी बाटलीसुद्धा ती काठीनं ढकलायची, मग हात धुऊन देवापुढं दिवा लावायची. नवरा दारूनंच गेला. लेक संपत कंपनीत लागला, लग्न झालं, पोरगी झाली, आणि एके दिवशी त्याच्या तोंडालाही तोच वास आला. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला नाही. देवावर रुसली होती. दुसऱ्या दिवशी मात्र दोन वाती लावल्या. रुसून जाणार कुठं?

सून सविता दोनदा पोरीला घेऊन केंदूरला माहेरी गेली. शेवटी परत आली ती अट घालून. संपतनं डॉक्टरांचं औषध घ्यायचं, आणि पुन्हा एकदा जरी प्याला तर ती कायमची जाणार.

शिक्रापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणून ती चोरून कुणाला द्यायची नसते, ज्याची त्याला सांगून द्यायची. संपतनं समजून घेऊन होकार दिला होता. रोज सकाळी न्याहारीनंतर सविता गोळी द्यायची. दिवाळीपासून घरात वास आला नव्हता.

पण पोरगा वाळला होता, भाकर अर्धी टाकून उठायचा. गोळीचं खातं सुनेकडं होतं, त्यात साखरबाई पडत नसे. जेवणाचं खातं मात्र तिचं. राहूला, तिच्या माहेरी, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला द्राक्षासव द्यायची रीत होती. तिनं स्वतः प्रत्येक बाळंतपणात घेतलं होतं. बाजाराच्या दिवशी तिनं आयुर्वेदिक दुकानातून बाटली आणली. दोन चमचे घ्या, असं दुकानदार म्हणाला होता. दोन चमच्यांनी काय होतंय? दुपारी जेवताना तिनं अर्धा पेला ओतला.

"आये, सविताला इचारलं का?" संपतनं विचारलं.

"मनुक्याचं पाणी हाय ते. त्यात काय इचारायचं? भूक लागंल, पी."

तो प्याला.

सविता रानातून आली तेव्हा तो मोरीत ओकत होता. तोंड तांबडंलाल, हात छातीवर. ती दारातच थांबली.

"घेतलीच ना शेवटी?"

"न्हाई गं, आईशप्पत..."

साखरबाईनं ते लाल तोंड बघितलं आणि तिला नवरा दिसला. पुढं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं लेकाच्या कानाखाली वाजवली. "बापाच्याच वाटंनं गेलास, मुडद्या!"

संपत भिंतीला धरून देव्हाऱ्याकडं सरकला. "भंडारा उचलून शपथ घेतो मी..."

"मागं बी उचललेला," सविता म्हणाली, आणि तिनं केंदूरला भावाला फोन लावला.

शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, पुन्हा पुन्हा बीपी बघितला. मग त्या सविताला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळीवर दारू गेली की होतं तसंच झालंय. आता धोका टळलाय. पण तोंडाला वास नाही. दुसरं काही औषध दिलं होतं का?"

"न्हाई."

तेवढ्यात सविताचा भाऊ म्हाळू आला. "चल सवे. पोरीची कापडं घेऊ आन् निघू."

साखरबाई दाराशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी तिच्या लेखी द्राक्षासव काही औषध नव्हतं. पण संपतनं कॉटवरून तिच्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा तिच्या डोक्यात आलं, की रात्रपाळी करून आल्यापासून हा उंबऱ्याबाहेर गेलाच नाही. मग प्याला कवा?

"बाई," ती म्हणाली, "म्या दिलंय त्याला. द्राक्षासव. अर्धा पेला."

डॉक्टरीणबाई वळल्या. "आजी, त्यात दारू असते. कुणी घालत नाही, आंबवताना आपोआप होते."

"दारू?" साखरबाईनं पदर तोंडाला लावला. "म्या बाळंतपणात प्यालेली..."

"तुम्हाला काही झालं नाही, पण त्याच्या पोटात गोळी होती. चूक माझीही आहे. मी पथ्य सुनेला सांगितलं, पण स्वयंपाक कुणाच्या हातात आहे ते विचारलंच नाही."

"म्हंजी म्हातारीनंच पाजली म्हणायची!" म्हाळू हसला.

"व्हय, मीच पाजली," साखरबाई म्हणाली. "आन् वर मारलं बी मीच."

यावर कुणी हसलं नाही. संपत हळूच बोलला, "बाई, ही गोळी बंद करा. न पिता बी चोर ठरायचं, तर घ्यायची कशाला?"

"दुसरीही आहे, तल्लफ कमी करणारी. आज काही ठरवू नका. पण औषध टाकून घरी बसू नका."

सविता कॉटच्या कडेला बसली. बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मला भ्या वाटतं. तोंड लाल दिसलं की वाटणारच. उद्या बी वाटंल. पण आधी इचारीन, मग बोलंन."

संपतनं वर छताकडं बघितलं. "मग ऱ्हाऊ द्या बाई. बरा झालो की हीच घेतो."

"दादा," सविता भावाला म्हणाली, "तू च्या घे आन् जा."

म्हाळू पुटपुटत बाहेर गेला. साखरबाई लेकाच्या उशाशी आली, पण त्याच्या गालाला हात लावायचा तिला धीर झाला नाही. तिनं नुसतं अंगावरचं पांघरूण वर ओढलं.

"आजी, पुढच्या खेपेला तुम्हीही या," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या.

"येते की. आन् बाई, नुसता मनुका भिजवून दिला तर?"

"नुसता चालेल."

साखरबाई सुनेकडं वळली. "सविता, आणू का गं?"