मापाचा ब्लाउज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले आणि लगेच शहापूरला तीन महिन्यांचा शिवणक्लास केला. लोकांना या दोन्हींचा मेळ लागेना. काकी तर तोंडावर म्हणायची, शेवटी चोळ्याच शिवायच्या होत्या तर चौथीतच सांगायचंस, तेवढा एसटीचा पास वाचला असता. मला लाज नाही वाटली. नोकरी मिळत नव्हती आणि नुसतं बसून राहायची आमच्याकडे कुणालाच सवय नाही.

मशीन बचत गटाच्या कर्जातून आलं. गटाचं ते पहिलंच कर्ज. कुणाला द्यायचं यावर महिनाभर बोलणी चालली. शिकलेली आहे, बुडवणार नाही, असं अध्यक्षबाईंनी ठासून सांगितलं म्हणून मला मिळालं. आणि दोन महिने एक गिऱ्हाईक नाही. सगळ्या बायका मुरबाडच्या टेलरकडे जायच्या. माझं चाललं नाही तर पुढे कुठल्याच बाईला कर्ज द्यायला गट धजणार नाही, हे बैठकीत कुणी न बोलता मला कळत होतं.

एका सकाळी डोंगराकडच्या वाडीतली एक बाई कापड घेऊन दारात आली. भाचीचं लग्न आठवड्यावर आलेलं. मी टेलरच्या थाटात विचारलं, मापाचा ब्लाउज आणलाय का?

"आंगात हाय तोच गो," ती म्हणाली. "टेलर बोलतो, ठेवून जा. मग मी घरी जाऊ कशी?"

आई चुलीपुढून हसली, तीही हसली. माझं तोंड एवढंसं झालं. अंगावरून माप घ्यायला क्लासात शिकवलं होतं, पण ते आम्ही मुलींनी एकमेकींवरच केलेलं. मी टेप काढला. ती ताठ उभी राहिली. मी दंडाशी आले, तशी तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले.

"हात खाली ठेवून काय मापतेस? मोळी अशी उचलतात काय?"

तिच्या ब्लाउजला काखेत ठिगळावर ठिगळ होतं. हात वर गेला की काख उसवते, हे क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. मी हात वर असतानाचं माप घेतलं आणि काखेत चौकोनी तुकडा जोडला. दिसायला जरा बोजड झाला. क्लासच्या बाईंनी नापास केलं असतं.

लग्न उरकल्यावर ती परत आली, बरोबर तिघीजणी. कसा बसला म्हणून विचारलं तर तिनं अंगणातला पाण्याचा भरला हंडा उचलून डोक्यावर घेतला, खाली ठेवला आणि काख दाखवली.

"उसवला नाय."

त्या हंगामात वाडीतली निम्मी घरं माझ्याकडून शिवून घेऊ लागली. पुढचं कर्ज शेजारणीला शेळ्यांसाठी हवं होतं. बैठकीत विषय निघाला आणि चहाला उकळी फुटायच्या आत ठराव झाला.