दारातला दीड तास

वहिनी मंगळवारी गेली. दादानं अमेरिकेतून फोन करून सांगितलं. मी "बरं" म्हणालो. (चाळीस वर्षं पुस्तकं वाचून ऐन वेळी सुचलेला शब्द हा!) तेव्हापासून मला ती गेल्याचं कमी आणि एकदा तिला जाता आलं नव्हतं, तेच जास्त आठवतंय.

वहिनी आयोवातल्या एका खेडेवजा गावची. नाव मार्गरेट. चार बहिणी, चर्च, वडिलांचा गाईंचा गोठा. दादा नोकरीसाठी तिकडे गेला आणि लग्न करूनच त्यानं कळवलं. ती पहिल्यांदा आमच्या अंबरपेठच्या घरी आली तेव्हा देशानं परदेशी मालाला नुकतीच दारं उघडली होती. आईनं परदेशी कोला स्वीकारला, सून नाही. तीन आठवडे ती वहिनीशी माझ्यामार्फतच बोलली. "तिला म्हणावं, भात घे."

निघायच्या आदल्या दिवशी दादा मला म्हणाला, "एकदा नावानं हाक मारली असती रे आईनं. पुन्हा कधी येणं होतंय कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी दुपारी नामपल्ली स्टेशनवरून मुंबईची गाडी होती. वेळेवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. टॅक्सी दारात आली. वहिनीनं गुडघ्यांवर दोन्ही हात आपटले आणि "वेल" म्हणाली. तिच्या गावात ही निघायची खूण. पण त्यानंतर तासभर कुणी हलत नाही, हे आम्हाला कुठे माहीत? आणि आमच्याकडे ओटी, हातावर दही, मग उंबरठ्यावर गप्पा, मग फाटकाशी गप्पा, हे तिला कुठे माहीत? दोघींची रीत एकच निघाली. यजमानीण "थांब" म्हणते तोवर पाहुणी निघत नाही, आणि पाहुणी उभी आहे तोवर यजमानीण "थांब" म्हणायचं सोडत नाही.

उंबरठ्यावर आईला काहीतरी बोलायला हवं होतं.

"तिला विचार, गाई किती होत्या?"

"चाळीस म्हणते."

"धार कोण काढायचं?"

वहिनीनं स्वतःकडे बोट दाखवलं. आईचं माहेर मराठवाड्यातलं, शेतकऱ्याचं. तिनं पदर खोचला आणि हवेत धार काढून दाखवली. वहिनीनं मान हलवून आईचे अंगठे दुरुस्त केले. आईला ते पटलं नाही. फाटकापर्यंत दोघी न दिसणाऱ्या गाईची धार काढत गेल्या.

"साब, टाइम देखे क्या?" टॅक्सीवाले खाजाभाई म्हणाले.

"एक मिनिट," मी म्हणालो. कारण तिकडे वासरं वेगळी ठेवतात हे ऐकून आईनं विचारलं होतं, "वासराशिवाय पान्हा कसा फुटतो म्हणावं?" आणि 'पान्हा'ला इंग्रजी शब्द मला येईना. मी आत जाऊन शब्दकोश काढला. 'प' येईपर्यंत वाटेत बरेच चांगले शब्द भेटले.

बाहेर आलो तेव्हा टॅक्सी येऊन दीड तास उलटला होता.

"अरे, घड्याळ तुझ्याकडे होतं ना?" दादा ओरडला.

"अब नक्को भागो साब," खाजाभाई शांतपणे म्हणाले, "गाडी बेगमपेठ भी पार कर गई हुंगी."

वहिनीचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "मार्गी, बॅग आत घे. उद्या गवळ्याकडे जाऊ. बघू तुझी धार खरी की माझी."

दादानं तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढची तिकिटं मिळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला भाषांतराला एकही वाक्य मिळालं नाही. नंतर वहिनी दर पत्रात माझे आभार मानायची. एवढे आभार माझ्या कुठल्या हुशारीसाठी कुणी मानले नाहीत.

आता आई नाही, वहिनीही नाही. निघताना दारात अडवणारं घरात कुणी उरलं नाही. मी सगळीकडे वेळेवर पोहोचतो.