आप्पांचा बिनधुराचा जाळ

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धारवाडला पदार्थविज्ञानात एम. फिल. करत होतो. हवेतली काजळी सूर्यप्रकाश किती शोषून घेते, याचं गणित मांडायचं होतं. कागदावर ते झकास दिसायचं, पण मला ते नीट कळलं होतं असं आजही छातीठोकपणे सांगवत नाही. काजळीमुळे जमिनीवर ऊन कमी पोचतं आणि तेच ऊन पिऊन वरची हवा तापते. मग गार म्हणायचं की गरम? सरांना विचारलं तर म्हणाले, आधी आकडे आणा.

आकड्यांसाठी मला गुऱ्हाळ आठवलं. निपाणीजवळच्या आमच्या गावात माझे वडील, आप्पा, दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर रसाच्या काहिलीखाली, चुलवाणात उसाच्या चिपाडांचा जाळ घालायचे. मी हातपंप आणि पांढरे गाळणकागद घेऊन तिथं गेलो. पंपानं धूर ओढायचा आणि कागदावर पडलेल्या काळ्या डागातून उजेड किती पार जातो ते मोजायचं, एवढंच काम.

तीन दिवस पंप मारून खांदे भरून आले, कागद आपले पांढरेच! परतायला एक दिवस उरला होता, आकड्यांशिवाय माझं वर्ष बुडणार होतं. मी पंपाला शिव्या घालत बसलो, तेव्हा गूळ शिजवणारा गुळव्या हसला.

"मशीन चांगलं हाय रं तुझं. आप्पा रोज पहाटेपासनं चिपाड निवडत्यात. वलं दिसलं की भाईर. पोरगं धूर मोजाया आलंय म्हणत्यात."

धूर होऊ न देणं हीच जाळ घालणाऱ्याची हुशारी. आप्पांना वाटलं होतं, मी त्यांचीच परीक्षा घ्यायला आलोय. मला हसू आलं आणि रागही आला. आधी काय आलं ते आठवत नाही.

"आप्पा, मला काळा धूर पायजे."

"काळा? माझ्या चुलवाणातनं?"

"न्हायतर माझं वरीस जातंय."

 आप्पांनी चुलवाणाच्या तोंडात बाजूला काढलेलं ओलं चिपाड कोंबलं, वारा अडवला. धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघाला. जाळ मंदावला, रस आटता आटेना, गूळ काळपट आणि चिकट उतरला. मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "वय झालं आप्पाचं. हात ऱ्हायला न्हाय आता."

आप्पा चुलवाणातली राख ओढू लागले. धूर मीच मागितला होता, हे मी मालकाला सांगितलं नाही. खाली मान घालून डाग मोजत बसलो, आणि डाग फार सुरेख आले होते याचा मला आनंदही होत होता. त्या आनंदाची लाज अजून वाटते.

पदवी मिळाल्यावर इंग्रजीतला तो प्रबंध आप्पांनी मांडीवर घेऊन पानं उलटली.

"ह्यात माझा जाळ कसला लिवलाईस?"

त्यात लिहिलं होतं : सदोष ज्वलन.

"चांगला," मी म्हणालो.

आप्पांचा चेहरा उजळला. "मग तेवढं मालकाला वाचून दाखीव की."