भित्रेबुवांची विहीर

"आधी मला विचारायचं, मग विहीर बंद करायची. एवढंच लिहिलंय त्यात, मामा!"

"विचारण्याइतका वेळ असेल, तर बंद करायची गरजच नसते, जावईबापू."

जेवणाच्या टेबलावर कागद. अलीकडे तेलविहीर खोदणाऱ्या रिगचा मॅनेजर, पलीकडे त्याच रिगवरचा ड्रिलर. मधे बाबांच्या कामाच्या डांगरीला इस्त्री करत उभी असलेली एकाची बायको, दुसऱ्याची लेक. कुणाची बाजू घ्यावी? तिनं गुपचूप कॉलरची बाजू घेतली.

"काल काय झालं? टाकीतला चिखल चढला, तुम्ही लिव्हर ओढून विहीर बंद केलीत. खालून गॅस आलाच नव्हता! कुणीतरी न सांगता दुसऱ्या टाकीतला चिखल त्यात सोडला होता. नळ्या अडकल्या, अख्खा दिवस पाण्यात!"

"टाकी काय ओरडून सांगते, कुठून भरले ते? आधी बंद करायची, मग दाब बघायचा. दाब नसला, तर हसायचं."

विहिरीतल्या चिखलाच्या वजनानं खालचा गॅस दबून राहतो. जेवढा चिखल खाली सोडला तेवढाच परत टाकीत यायला हवा; जास्त आला, तर खालून गॅस ढकलत असणार. टाकी बोटभर चढली की बाबांच्या कपाळाला आठी. मीटर असूनही ते दर तासाला टाकीच्या पत्र्यावर स्वतः खडूनं रेघ मारत. म्हणून तर रिगवर त्यांचं नाव 'भित्रेबुवा'.

ती शाळेत होती, तेव्हा एकदा गॅस खरंच आला होता. भित्रेबुवांनी कुणालाही न विचारता अर्ध्या मिनिटात विहीर बंद केली. चाळीस माणसं जिन्यावरून उतरली. धावत नाही, चालत. बाबा घरी आले, चहा मागितला आणि कप तसाच ठेवून झोपी गेले. तिला सगळं कळलं ते दुसऱ्या दिवशी, शेजारणीकडून.

तिनं इस्त्री उभी केली. "अहो, त्या चाळिसांत तुम्हीही होतात ना?"

नवऱ्याचा आवाज एकदम उतरला. "होतो. नवाच लागलो होतो. पण वरच्यांना कोण सांगणार? सोमवारपर्यंत सही नाही, तर मामा लिव्हरवरून थेट स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजायला. मला बघवेल का ते?"

"मग नका ना बघू," बाबा म्हणाले. त्यांनी गरम डांगरी अंगावर चढवली, बटणं लावली. खाली पाळीच्या बसनं हॉर्न दिला. कागद होता तिथंच, सहीची जागा कोरी.

"मामा, सही राहू दे. निदान तोंडी सांगा. आज टाकी चढली, तर मला विचाराल ना?"

बाबांनी बुटांच्या दोन्ही नाड्या नीट बांधल्या, ओढून पाहिल्या आणि दार उघडून चालते झाले.